आधीच्या यजमानाने सोडलेलं पाणी

दिनू,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुमी गुरुजीचे कोन जी?" मी म्हणालो, "वर्गमित्र." त्यांचं समाधान झालं आणि ते वरणभात कालवायला लागले. माझं झालं नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातली निम्मी माणसं तुझे वर्गमित्र असतील. मी कोण ते खरं सांगायचं, तर सांगावं लागलं असतं की आमचं एक भांडण अर्धं राहिलं आहे, आणि अमरावतीतल्या एका कुटुंबाचं घर त्या भांडणात अडकलेलं आहे. हे पंगतीत कसं सांगणार?

म्हणून तुलाच लिहितो. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण गेली कित्येक वर्षं मी जे काही ठरवलं ते आधी तुझ्याशी भांडून ठरवलं, आणि ती सवय माणसाबरोबर जात नाही.

त्या वसाहतीत तुला मीच नेलं. घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीचा मी वकील. जमिनीचे कागद तपासायचे आणि कर्ज द्यायला हरकत नाही असं लिहून द्यायचं, हे माझं काम. अमरावतीबाहेर, तिवशाच्या रस्त्याला लागून आत, जोडघरांच्या रांगा उठत होत्या. घेणारे बहुतेक चांदूर बाजारकडचे. झेंडू, शेवंती, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून अमरावतीच्या बाजारात आणून विकणारे. पहाटे बाजार गाठायचा, पोरांना शहरातल्या शाळेत घालायचं, म्हणून शहरात घर. बिल्डरच्या माणसाने मला विचारलं, "वकीलसाहेब, वास्तुशांतीले कोनी गुरुजी हाय का ओळखीचे? दक्षिणेसाठी अडून बसनारे नको." मी तुझा नंबर दिला. माझ्या दृष्टीने मी दोन्हीकडचं भलं केलं होतं.

तिथे काय चालायचं ते आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. घर पूर्ण झाल्याशिवाय कर्जाचा शेवटचा भाग बिल्डरला द्यायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. पूर्ण झालं की नाही ते इंजिनियरने येऊन पाहायचं. तो नागपूरहून यायचा, म्हणजे यायचाच नाही. आणि लोकांना मुहूर्ताची घाई. आषाढ लागला की चार महिने वास्तुशांत करत नाहीत; तेवढे महिने भाडंही भरायचं आणि हप्ताही भरायचा, हे कोणाला परवडणार? मग ज्येष्ठातच उरकायचं. खिडक्यांना तावदानं नाहीत, मागे नाली नाही, नळ कोरडे, आणि आत होमाचा धूर. कंपनीचा माणूस मोबाइलवर फोटो काढायचा. जोडपं पाटावर, समोर तू, वर तोरण. तो फोटो फायलीत लागला की घर पूर्ण झालं. वास्तुशांत झालेल्या घराला अपुरं कोण म्हणणार? कंपनीही इकडचीच, तिथल्या साहेबालाही ते पटायचं. बिल्डरला पैसे मिळत, आणि उरलेलं काम उरत असे.

तू एकदा म्हणाला होतास, "तुह्या सहीनं नाई, माह्या मंत्रानं त्यायची घरं पूर्ण झाली बे. मले कोनी सांगितलं असतं तं मी आधी नळ सोडून पाह्यला असता." मी हसलो होतो. तू हसला नव्हतास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी ज्यांच्यावर आलं त्यांच्या बाजूने फार कमी वेळा सांगितलं जातं. राहिलेली नाली, नळ, फरशी लोकांनी पदरच्या पैशांनी, नाहीतर हातउसने घेऊन केली. तेवढ्यात कोरोना आला, देवळं बंद झाली, लग्नं घरच्या घरात होऊ लागली आणि झेंडू मळ्यातच वाळला. हप्त्यांना काही महिने सवलत मिळाली, पण त्या महिन्यांचं व्याज मुद्दलात जाऊन बसलं, आणि पुढे व्याजाचे दरही चढले. लोक बेइमान झाले म्हणून हप्ते थकले असं कंपनीच्या बैठकीत बोललं जायचं. मी तिथे असायचो. तिथून उठून नोटिसांचा मसुदा करायचो.

वसाहतीतल्या वासुदेव आणि सुमनबाईंच्या घराचा ताबा घ्यायला गेलो तो दिवस मी तुला सांगितला होता, पण सगळा नाही. एक पोलीस, कंपनीची दोन माणसं, मी. पंचनामा झाला. सामान आधीच ओट्यावर आलं होतं. कुलूप लावणार इतक्यात सुमनबाई म्हणाल्या, "थांबा जी वकीलसाहेब, कचरा तसाच हाय." आणि आत जाऊन त्यांनी सगळं घर झाडलं. कोपरे, उंबऱ्याची खाच, सगळं. आम्ही चार पुरुष बाहेर उभे. मग केर सुपलीत भरून त्यांनी बाहेर आणला आणि मला म्हणाल्या, "आता लावा." तुला मी एवढंच सांगितलं होतं की त्यांनी काही त्रास दिला नाही.

लिलावात ते घर इंगोलेशेठने घेतलं. तिवशाला त्याचं खताबियाण्याचं दुकान. त्याला राहायचं नव्हतं. पैसा गुंतवायचा होता. पण ज्या घरातून माणसं काढली त्या घराला गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून त्याला वास्तुशांत हवी होती. आणि वसाहतीत विचारल्यावर त्याला तुझंच नाव मिळालं.

तुझा फोन आला तेव्हा मी कोर्टात होतो. "मले त्याच घरात बोलावून राह्यला बे. ज्या कोपऱ्यात मी वासुदेवच्या नावानं वास्तुपुरुष पुरला, तिथंच आता याच्या नावानं बसू म्हनते."

मी म्हणालो, "घर त्याचं आहे. कायद्याने."

"मी कायदा इचारला का तुले? तू ये फक्त."

मी आलो. इंगोलेशेठ आणि त्याची बायको नवी शेगडी, पातेली, फळं घेऊन आलेले. तू पाटावर बसलास, आग्नेय कोपऱ्यातल्या त्या फरशीकडे बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "शेठ, या वास्तूले आधीचा यजमान हाय. त्यानं तुमच्या हातावर पानी सोडल्याशिवाय मले तुमचा संकल्प सांगता येत नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे वासुदेवराव अन् त्यायची बायको इथं येतील, बसतील, तुमच्या ताब्यात देतील. मंग तुमची पूजा."

"कोर्टानं देल्लं ना ताब्यात."

"कोर्टानं भिंती देल्ल्या. वास्तू त्यायच्याच हातची हाय अजून."

मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला संस्कृत येत नाही, पण तुझा चेहरा शाळेपासून ओळखतो. गृहपाठ घरी विसरला असं मास्तरांना सांगताना तू असाच समोर बघायचास.

गाडी पाठवून त्या दोघांना आणलं. बाजाराच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत राहत होते. वासुदेव दारातच थांबला; आत या म्हटलं तेव्हा चपला काढाव्यात की नाही हे त्याला कळेना. सुमनबाई मात्र सरळ स्वयंपाकघरात गेल्या. शेठच्या बायकोकडून शेगडी पेटत नव्हती ती त्यांनी पेटवून दिली. मग सांगायला लागल्या, कोणी न विचारता. "ओट्याच्या या बाजूले पानी सांडू देऊ नका वैनी, भिंतीत झिरपते. ही खिडकी वाऱ्यानं वाजते, तिले कागदाची घडी लावा. न्हानीचं दार पावसाळ्यात फुगते, वरून ढकला म्हंजे लागते." शेठची बायको मान हलवत होती. इंगोलेशेठ पाटावर बसून ऐकत होता. मग सुमनबाईंनी चहा टाकला आणि पदराला हात पुसत विचारलं, "शेठ, साखर किती घालू?"

पाणी सोडायची वेळच आली नाही. चहा झाल्यावर शेठ म्हणाला, "पूजेचं मंग कधी पाहू." आणि वासुदेवला म्हणाला, "तुमी सध्या भाडं किती देता तिथं? तेवढंच मले द्या. राहा इथं. जमलं तं पुढं परत घ्या, मले काही घाई नाई." असा शब्द. तुझ्या समोर, माझ्या समोर.

त्या दिवशी अमरावतीच्या स्टँडवर, तुझी अकोल्याची गाडी लागेपर्यंत आपण जे भांडलो ते अजून माझ्या कानात आहे.

"हे कोणत्या ग्रंथात आहे, दिनू?"

"कोनत्याच नाई."

"म्हणजे खोटं बोललास."

"खोटं नाई. नवीन बोललो."

"तू भिक्षुक आहेस. माणसं तुझ्यावर विश्वास ठेवून पाटावर बसतात. हे पाप आहे."

तू चहाचा कप खाली ठेवलास. मला वाटलं चिडशील. तू शांतपणे म्हणालास, "अपुऱ्या घरात पूर्णाहुती देल्ली तवा काय होतं मंग?" आणि कप परत उचलत, "पाप असन. होऊ दे."

मी विषय बदलला, म्हणजे मला जमतो तिथे नेला. म्हणालो, हे शेठच्या दयेवर आहे. उद्या त्याचं मन फिरलं, तो गेला, त्याच्या मुलांना पैसे हवे झाले, की संपलं. घर दयेवर ठेवता येत नाही. तू म्हणालास, "मंग तू हक्क लिही ना. वकील कोन हाय इथं?" मी म्हणालो, हक्क लिहिला की कंपन्या अशा लोकांना कर्जच देणार नाहीत, आज वासुदेवला घर गमवावं लागलं, उद्या वासुदेवसारख्याला घर दिसणारच नाही. कंपनीचे पैसेही कोणाच्या तरी ठेवीतूनच येतात. हे मी मनापासून बोललो होतो, आणि अजूनही त्यात तथ्य आहे असं मला वाटतं.

तुझं उत्तर मी नंतर कित्येकदा आठवलं. "लिलाव करू नका म्हनतच नाई मी. मी एवढंच म्हनतो, कुलूप लावायच्या आधी त्यायले एका खोलीत बसवा. त्याच घरात. तुमच्या एसीच्या हापिसात नाई. ज्याचा पैसा हाय तो अन् जो राह्यते तो. भाडं देऊ शकते का, किती देऊ शकते, पुढं घेऊ शकते का, हे इचारा. नाई जमलं तं लावा कुलूप. पन न इचारता काहून लावता?"

"आणि हे सरकारने कायद्यात घालावं?"

"तुह्या कंपनीनं फोटो पाहून घर पूर्ण झालं असं मानलं, ते चाललं ना सरकारले? मंग हे काहून नाई?"

गाडी लागली. तू चढलास आणि खिडकीतून म्हणालास, "सूचना मागवून राह्यले म्हनते घरांच्या धोरनासाठी. तू लिहून पाठव. मी सही करतो."

त्यानंतर दर आठवड्याला तुझा फोन. "लिहिलं का?" मी म्हणायचो, पाहू. एकदा तू म्हणालास, "पाहू म्हंजे काय बे, मुलगी पाह्यला चालला का?" मी हसून फोन ठेवला. मला वेळ नव्हता असं नाही. मी ज्या कंपनीचा वकील आहे तिच्या विरुद्ध माझं नाव सरकारदरबारी जाईल याची मला भीती होती. हे तुला माहीत होतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि त्या न बोलण्याचे आभार मी मानले नाहीत.

तेराव्याला पंगती उठल्यावर वहिनींनी मला ओसरीत बसवलं. म्हणाल्या, "शेवटी शेवटी संध्येला बसले की मधेच थांबायचे. म्हणायचे, मी शास्त्रात लबाडी केली. त्या शेठला फसवलं. मी म्हटलं, चांगल्यासाठीच केलं ना. तर म्हणाले, माझा मित्र वकील आहे, त्यानेच पाप म्हटलं."

दिनू, मी तो शब्द वादात जिंकायला वापरला होता. वकील माणूस, हाताशी जो शब्द येईल तो फेकतो. तू तो उचलून घरी नेशील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तिथून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी वासुदेवचा फोन. तो फोनवर नेहमी हळू बोलतो, त्या दिवशी अजून हळू. "साहेब, शेठचा दलाल येऊन गेला. घर दाखवा म्हने गिऱ्हाइकाले. गुरुजी नाईत आता, म्हून तुमाले फोन केला." मागून सुमनबाईंचा आवाज, "इचारा ना, कधी खाली करा लागते ते."

मी तिवशाला निघालो. मोझरी मागे पडली तोवर मनात दोन भाषणं तयार होती. एक कायद्याचं, ज्यात काही दम नव्हता, कारण तोंडी शब्दाला कागदावर काहीच किंमत नाही हे मीच तुला सांगत आलो. दुसरं तुझं, की आधीच्या यजमानाला दुखवलं तर वास्तू लाभत नाही. ते चाललं असतं. शेठ भाविक आहे. पण ते मला बोलता येईना. तुझ्या मागे तुझंच ओझं मी वाढवलं असतं.

दुकानात खताच्या पोत्यांचा वास. इंगोलेशेठने खुर्ची दिली, पाणी मागवलं. "गुरुजी गेल्याचं आयकलं. चांगला मानूस."

मी म्हणालो, "शेठ, घराबद्दल आलो. त्याआधी एक सांगायचं आहे. गुरुजींनी तुम्हाला जे सांगितलं, आधीच्या यजमानाने पाणी सोडायचं, ते शास्त्रात कुठेही नाही. त्यांनी ते स्वतः केलं. त्याचा त्यांना शेवटपर्यंत त्रास झाला."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मग हसला, मोठ्याने नाही. "मले माहीत होतं साहेब. आमच्या गल्लीत भिक्षुकायचीच घरं होती. लहानपनापासून वास्तुशांतीचा परसाद खाल्ला, असं पानी कोनी सोडलेलं पाह्यलं नाई."

"मग तुम्ही ऐकलं काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी आलं.

"मले वाटलं, गुरुजीले काई तरी करायचं हाय, पाहू तं. मंग ती बाई आली. माह्या बायकोले सांगून राह्यली, इथं पानी झिरपते, तिथं दार फुगते. कोन सांगते असं, ज्याचं घर गेलं तो? अन् मलेच इचारते, साखर किती." त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "गुरुजीनं मले फसवलं नाई साहेब. मीच समजून बसलो होतो तिथं."

"मग आता दलाल?"

"पोराच्या आयुष्याचा सवाल हाय माह्यापुढं. त्याले नागपूरले धंदा टाकायचा. शब्द देल्ला तवा त्याले इचारलं नव्हतं." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आणि मला तेव्हा कळलं की आपण दोघंही बरोबर होतो, दिनू, आणि म्हणूनच ते भांडण संपत नव्हतं. माणसाला समोर बसवलं तर त्याच्यातलं चांगलं बाहेर येतं, हे तुझं. आणि ते चांगलं त्या खोलीबाहेर टिकवायला काहीतरी लिहिलेलं लागतं, हे माझं. मी फक्त माझा अर्धा भाग करत नव्हतो.

बरंच बोलणं झालं. शेठने मुलाला फोन लावला, बायकोलाही लावला. बायकोचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं: "तिले काढू नका म्हनलं ना मी." शेवटी अकरा महिन्यांचा करार ठरला. भाडं तेच. त्या मुदतीत घर विकायचं झालं तर पहिल्यांदा वासुदेवला विचारायचं. अकरा महिन्यांच्या पुढे तो जायला तयार नव्हता, आणि त्याला भाग पाडेल असा कोणताही कायदा मला त्याच्यासमोर ठेवता आला नाही. सगळ्या वकिलीत मला इतकं रिकाम्या हाताने कधी वाटलं नव्हतं.

तुला सांगायचं ते हे. शेठ फसला नव्हता. तुझं पाप त्या दुपारीच फिटलं होतं, मुळात लागलंच नव्हतं, आणि हे तुला सांगायला मी पंधरा दिवस उशिरा तिवशाला गेलो. तू असतास तर म्हणाला असतास, "उशिरा तं उशिरा, गेला ना." तू माणसांना असंच सोडून द्यायचास. मला ते जमत नाही, आणि स्वतःला तर नाहीच.

कंपनीचं काम मी सोडलं असं इथे लिहायला आवडलं असतं. सोडलेलं नाही. पण ताब्याच्या अर्जाआधी त्या घरातच दोन्ही बाजूंची एक बैठक व्हावी, आणि फोटोवर कोणतंही घर पूर्ण मानू नये, असं मी त्यांना माझ्या सहीने कळवलं. उत्तर आलेलं नाही. सरकारकडे सूचना पाठवायची मुदत सरली होती. तरी पाठवायच्या म्हणून लिहायला बसलो, आणि दर दुसऱ्या वाक्याला तुझा आवाज येतो की हे कोणाले समजन बे, सोपं लिही.

काल करारावर सह्या घ्यायला वसाहतीत गेलो. वासुदेवने दोनदा वाचला. सुमनबाई उंबऱ्यात बसून शेवंतीच्या वेण्या करत होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: अकरा महिने कोणी काढू शकत नाही, विकायचं झालं तर आधी तुम्हाला विचारतील. त्यांनी हातातली गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अन् मंग?"

मी तिथेच खाली बसलो, त्यांच्यासमोर, आणि म्हणालो, "मंगचंच लिहून राह्यलो, बाई."